ओट्याकडे तोंड केलेला बोर्ड

२६ सप्टेंबर
तारीख टाकली का, भाग्यश्रे? मागच्या पानावर विसरलीस. नात दहावीत, अन् तारखेची आठवण देते अंगठेबहाद्दर आजी.
वाघाचं पार्क एक तारखेले उघडते. मोहर्लीच्या रस्त्यावर माझी खानावळ चालणारच. सून गोकुळा म्हणते, पंधरा दिवसांत गिऱ्हाईक नाई आलं तं रिसॉर्टच्या किचनात कामाले जाईन. जाऊन दाखव म्हटलं.

२८ सप्टेंबर
उमाजी पेंटर खानावळीचा बोर्ड रंगवाले आला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, अंगाले थिनरचा वास. किळस आली. वाघ काढला तो बोक्यासारखा. पण नाव मोठं काढलं: सुकरीबाईची खानावळ. वाचता येत नाई, तरी डोळे भरून पाह्यलं.

२९ सप्टेंबर, सकाळी
बोर्ड गाडला. उमाजी म्हणे, "बाई, तोंड रस्त्याकडे ठेवू. अन् आठ दिवस खड्ड्यात नुसती गिट्टी ठोकू, मग सिमेंट."
मले शिकवते. तोंड ओट्याकडेच ठेवाले लावलं. जन्मात पहिल्यांदा माझं नाव टिनावर चढलं, ते मले बसल्या जागी दिसाले पाहिजे. सिमेंट लगेच. गाडीवाले काय, उतरून पाह्यतीलच.

३ ऑक्टोबर
सफारीच्या जिप्स्या धूळ उडवत गेल्या. एकही नाई थांबली. वाघापायी लोकं भूकसुद्धा विसरतात.

८ ऑक्टोबर
एक गाडी थांबली. दोघं उतरले, बोर्डाच्या आडोशाले आले, माझ्या नावाखालीच मुतून गेले. थू.

११ ऑक्टोबर
बोर्डाच्या कोऱ्या पाठीवर रिसॉर्टचं पोस्टर कोणी चिकटवलं. पुढं जा म्हणून बाणही आहे. गोकुळा हसत होती. हसू दे. टिन तं गंजणार नाई.

१६ ऑक्टोबर
गोकुळा रिसॉर्टमध्ये लागली. खानावळीवर नाव कोणाचं आहे? माझं.
उमाजीनं सब्बलीनं सिमेंट फोडून बोर्ड रस्त्याकडे फिरवला. त्याचं ऐकलं म्हणून नाई. टिनाची चमक माझ्या डोळ्यावर येत होती.

१८ ऑक्टोबर, रविवार, दुपारी
चौघं उतरले. बोर्ड वाचूनच. त्यातली बाई म्हणाली, "आजी, तुमच्याच हातचं जेवायचंय."
भात खाली लागला. वरणात मीठ दोनदा पडलं. ते फेकून दुसरं केलं, त्यात बहुतेक पडलंच नाई. इतके दिवस स्वयंपाक गोकुळाच करत होती, हे लिहू नको.
पेन ठेव, तुझ्या मायले, गोकुळाले फोन लाव. रिसॉर्टचं पनीर-बिनीर नको म्हणावं. लाखोळीच्या दाळीचं वरण, मोकळा भात अन् झिंग्याची चटणी, डब्यात, मागच्या दारानं पाठव. पाच जणांपुरतं. मीही सकाळपासून उपाशी आहे.