पहिलं बोट

माय,

तुझ्या नातीला पहिला दात आला. खालच्या हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक वर आलंय. बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझा दातांचा दवाखाना आहे, हे तुला माहीत नाही. तू वारलीस तेव्हा मी दातांच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. दिवसभर लोकांच्या दाढा उकरणारी मी, पण तो एवढासा दात बघून मला तू आठवलीस आणि पाठोपाठ तुझा रागही आला. इतकी वर्षं पोटात ठेवलेला राग आहे, आज सांगून टाकते.

मी जन्मले तेव्हा माझ्या तोंडात पहिलं गेलं ते आत्याचं बोट, मधात बुडवलेलं. ज्याचं बोट पहिलं चाटतं त्याच्या वळणावर लेकरू जातं असं आपल्याकडे मानतात, आणि आत्या घरातली थोरली लेक, मान तिचा. त्याच बोटानं ती सकाळ-संध्याकाळ मिश्री घासायची, नख पार काळं झालेलं. तू बाजेवर पडून राहिलीस, अडवलं नाहीस. वर तुझा पहिला पिवळा चीक तीन दिवस पिळून मोरीत टाकायला लावला, लेकराला जड जातो म्हणून. म्हशीच्या चिकाचा मात्र खरवस व्हायचा आणि गल्लीभर वाटला जायचा. पुढे मी कधी उलटून बोलले की तू म्हणायचीस, "काय करावं, आत्याचं बोट लागलंय हिला." सगळे हसायचे. मीही हसायचे.

पण दह्याच्या बाबतीत तू अशी नव्हतीस. भोकरदनजवळच्या आपल्या स्वयंपाकघरात मी उभी आहे, आठ-नऊ वर्षांची. विरजण संपलंय म्हणून शहाणपणानं आत्याकडून वाटीभर दही आणलंय. तू वाटी हुंगतेस आणि डोळे वटारतेस. "कुणाचंबी विरजण आणती का गं? तार सुटती त्यांच्या दह्याला. एकदा लागलं की जल्दी निघत न्हाई ते." ती वाटी वासराच्या पाटीत जाते आणि मला भर उन्हात गल्लीच्या पार टोकाच्या घरी पिटाळलं जातं. दूध तोवर झाकून थांबलेलं. दुधाला पहिलं काय लागतं यावर पुढचं दही ठरतं, हे तुला बराबर ठाऊक होतं. मग माझ्या तोंडाचं काय, माय? वासराला दिलंस ते विरजण ज्या घरचं, त्याच घरचं बोट मला चाललं?

तुझ्या भाषेतच सांगते. बाळाचं तोंड जन्मताना जवळजवळ कोरं असतं. येताना वाटेत आईच्या अंगचे जंतू त्याला लागतात, मग तिच्या कातडीचे, दुधातले. जंतू म्हणजे रोगच असं नाही, दही लावणारेही जंतूच असतात, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या तोंडात त्यांचेच भाऊबंद जास्त सापडतात. दात किडवणारे बहुतेक मोठ्यांच्या लाळेतून येतात. सिझर झालं किंवा वरचं दूध दिलं, की सुरुवातीची ही वस्ती वेगळी असते. सिझरचा फरक पुढे महिन्यांगणिक कमी होत जातो. एवढंच आहे. यात कुठल्याही आईचा गुन्हा नाही.

माझं सिझर झालं. बाळाचे ठोके मंदावले होते. जालन्याच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सासूबाई मधाची बाटली घेऊन आल्या, सोबत मोठे दीर. ते सरकारी अधिकारी, म्हणून लेकरू सायबावर जावं अशी हौस. दिरांनी बोट मधात बुडवलं, स्वतः चाखलं, "असल हाये" म्हणाले आणि तेच बोट पुन्हा बाटलीत घातलं. त्यांच्या दोन किडक्या दाढा मीच काढल्यात!

"न्हाई," मी म्हणाले. टाके ओढत होते.

"काहून न्हाई?" सासूबाई म्हणाल्या. "तुला दूध येईना. उपाशी ठेवती का लेकराला?"

"वरचं दूध देऊन राह्यलोत ना वाटी-चमच्यानं. मध वर्षभर न्हाई, तान्ह्या लेकराच्या जिवावर बेतू शकतं. आन् बोट कुणाचंच न्हाई."

"मी काय परका हाये का?" दीर म्हणाले.

"परके न्हाईत, दादा. तरी न्हाई."

सासूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "पोट फाडून काढलेलं लेकरू. आता आमचं बी काई लागू देईना त्याला." मी भिंतीकडे तोंड केलं नाही. माझ्या वेळी तू केलं होतंस, हे तूच मला सांगितलं होतंस.

त्याच संध्याकाळी चीक आला, पिवळा, घट्ट, जेमतेम चमचाभर. सिस्टरनं वाटी धरली. एकही थेंब मोरीत गेला नाही. मग हळूहळू पोर अंगावर प्यायला लागली. वरचं दूध दिलं त्याची मला लाज नाही, सिझरचीही नाही. मान तुकवली असती तर लाज वाटली असती.

सासूबाईंनी तो मध पोळीशी खाऊन संपवला. आता त्या बेसिनवर मला ऐकू येईल इतका नळ सोडून साबणानं हात धुतात आणि मगच नातीची हिरडी चाचपतात. दात त्यांनाच आधी लागला हाताला. पोर तर चटईचं टोकही चघळते, तिला कोण अडवणार.

हे पत्र कपाटात साड्यांखाली राहील. एक मात्र जालन्याच्या त्या खोलीत कुणाला सांगितलं नाही. "न्हाई" म्हणत असताना मी दाराकडे बघत होते. तू आली असतीस, तर मध मोरीत ओतला असता, तुला हात धुवायला लावले असते, आणि मग तुझ्या बोटाला माझा चीक लावून ते तिच्या तोंडाशी नेलं असतं. बोट कुणाचंच नाही म्हणाले ना मी, माय? तुझं चाललं असतं.