आरपार झालेलं टोकन

कापूस खरेदी केंद्र, आर्णी
डिसेंबर २००६

प्रिय मित्र पियूष यास बादलचा जय सेवालाल अन् राम राम,

इकडे आम्ही सारे खुशाल हावो (म्हणजे उभे हावो, एवढंच), तिकडे तुझी तब्येत कशी हाय ते कळव. मेसच्या गोड वरणानं तुह्या पोटाचे काय हाल झाले, ते तुह्या आईनं, मंजुषाकाकूनं, मले भर बाजारात सांगितलं. आजूबाजूच्या चार जणांनीही ऐकलं, तवा आता आर्णीत सगळ्यांले तुह्या पोटाची काळजी हाय. माह्या आईनं, याडीनं, तुह्यासाठी मिरचीचा ठेचा बांधून ठेवला, पण पुण्याले जाणारा माणूस भेटून नाही राह्यला. आता कामाचं ऐक.

दिवाळीत तू आमच्या केंद्रासाठी टोकनचा प्रोग्राम करून देल्ला अन् आपला गाडीत बसून चालला गेला. कॉम्प्युटर इथं एकच, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडर सायबाच्या टेबलावर. त्याच्यावर जे दिसते तेच वायरीनं आवारातल्या टीव्हीवर दिसते, म्हणजे बैलबंडीवाल्याले आपला नंबर बसल्या जागी समजला पाहिजे. कल्पना लय चांगली. पण विंडो केवढी ठेवायची, कुठं ठेवायची, दिसली कशी पाहिजे, हे सगळं तू माह्यावर सोडलं. मी डिप्लोमा पास हावो हे खरं, पण कसा पास झालो हे तुह्याशिवाय कोणाले माहीत हाय? जाऊ दे.

पहिले दोन दिवस खुर्चीवर मीच होतो, सायब बाजूले बसून चहा घेत होते. म्हाताऱ्या माणसांले दिसावं म्हणून मी आकडा मोठा केला, अन् विंडोची रुंदी वाढवायची राहून गेली. मग २१४ च्या जागी टीव्हीवर नुसतं २१ दिसे. आता एकवीस नंबरवाले हिरासिंगकाका कवाच आपला कापूस विकून तांड्यावर गेलते. कोणीतरी त्यांले निरोप धाडला, तं बिचारे रिकामी बंडी जुंपून परत आले. केंद्रानं परत बोलावलं म्हणजे काहीतरी वाटून राह्यले असतील, असं समजून ते दिवस मावळेपर्यंत टीव्हीसमोरून हलले नाही. खरा २१४ वाला गेटाजवळ बंडीखाली घोरत होता.

रुंदी नीट केली तं जागेचा घोळ. टीव्हीवर उद्घाटनाचा हार हाय. वाळून कोळसा झाला, पण अध्यक्षानं घातलेला, काढायची हिंमत कोणात नाही. नंबर बरोब्बर त्या हाराच्या मांगं. विंडो जराशी खाली घ्यावी म्हणून मी उणे पन्नास लिहिलं, कारण आपल्या शाळेत उणे म्हणजे खाली. विंडो गेली पार तळाले, तिथं समोर नारळ मांडलेले. मग समजलं का इथं उणे म्हणजे खालच्या काठापासून मोजायचं, अन् अधिक म्हणजे वरच्या काठापासून खाली. (काहून बे? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?) मी वैतागून अधिक अन् उणे दोन्ही एकाले एक लावून पाहिले, तं विंडो टीव्हीतून वर निघूनच गेली. लायनीतली धुरपताबाई बंडीवर उभी राहून टीव्हीच्या वरची भिंत पाहत होती. तिथं एक पाल होती, तं तिनं मले इचारलं का नंबर पालीच्या पोटाखाली हाय का.

मधात आणली एकदाची. तेवढ्यात सायबानं ही फुली कायची म्हणून दाबून पाहिली, अन् विंडो बंद. आवारात बोंब उठली का खरेदी बंद झाली. लोकं बैल जुंपायले लागले, दोघं तं पार महागावच्या रस्त्याले लागले, मी मांगं सायकल दामटत त्यांले परत आणलं. म्हणून मी विंडोच्या वरची पट्टीच काढून टाकली, फुलीसकट. विंडो टीव्हीभर मोठी केली अन् सगळ्याच्या वर राहील अशी ठेवली. आता कोणाच्या बापाले बंद होत नाही. मी मोठा खुश.

तं सायब खुर्चीवर बसले, अन् त्यांची तक्रार सुरू. म्हणे माझं काम झाकलं जाते. टीव्ही यायच्या आधी ते दिवसभर त्या कॉम्प्युटरवर काम करत, अन् लायनीतल्या लोकांले सांगत का मशीन हळू हाय, मी काय करू. मले हुकूम झाला का विंडो अशी कर का तिच्या मांगचं दिसलं पाहिजे. मी केली अर्धी आरपार. हुकमाचा ताबेदार माणूस मी. अन् पियूष, आवारातल्या टीव्हीवर २३० च्या पोटातून पत्ते दिसायले लागले! माऊसचं क्लिक खाली पोचत नाही तं सायब कीबोर्डाचे बाण दाबून डाव खेळून राह्यले, एवढी जिद्द. सारं आवार तो डाव पाहून राह्यलं. मग फुलचंदभाऊले राहवलं नाही. बंडीवरून ओरडले, “सायब, लाल दश्शी काळ्या गुलामावर टाका ना!” सायबानं टाकली. मग वर पाहिलं.

त्या दिवसापासून मशीन हळू नाही. नंबर धडाधडा पुढं सरकून राह्यले. पण सायबानं मले सांगितलं का शनिवारपर्यंत विंडो पहिल्यासारखी घट्ट कर, मांगचं काही दिसू देऊ नको, नाहीतर उद्यापासून दुसरं काम पाह्य. (शनिवार का उद्या, हेही मले समजलं नाही.) इकडे याडीची बंडी लायनीत हाय. आभाळ भरून आलं, तिनं आपली लुगडी कापसावर पांघरली अन् वर बसून राह्यली. कापूस ओला झाला का ग्रेड पडते. तिचा नंबर पुढं घेतो म्हटलं तं माह्यावरच भडकली, म्हणे पोराच्या टीव्हीनं मी पुढं घुसू का? मले लय भेव वाटून राह्यलं गड्या. तवा काय करावं ते लवकर लिही.

तुहा
बादल

ता. क. विंडो घट्ट कशी करायची ते लिहू नको. एका आकड्याचं काम हाय, मले येते. मले पाहिजे तुह्या ऑफिसच्या कागदावर, इंग्रजीत, शिक्का मारलेली चिठ्ठी, का ही विंडो एकदा आरपार झाली म्हणजे पुन्हा कवाच घट्ट होत नाही. इंग्रजी जरा जड ठेव. सायबानं वाचता वाचता नुसती मान हलवली पाहिजे.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो तं याडी आली. तिचा कापूस मोजून झाला, कोरडाच्या कोरडा. तरी चिठ्ठी धाडच. तिच्या मांगं गेटाच्या बाहेरपर्यंत बंड्या उभ्या हायत, अन् आभाळ अजून तसंच हाय.