बाबांच्या लिंबाचे शेंडे

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते. माझी तब्येत ठीक आहे, जेवणही वेळेवर होतं. दादाचा खोकला थांबला का?

बाबांनी लावलेल्या लिंबाचे शेंडे प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये वाढतायत, असं मी लिहिलं होतं. वाढत होतेच गं. पण कोंब फुटायचं नाव नव्हतं, नुसता पांढरट गोळा फुगत होता. तू जिवाला लावून घेशील, म्हणून तेवढं लिहिलं नाही.

आज तुझं पत्र मिळालं. नवं रोप येतंयच, म्हणून ते रोगट झाड तोडून टाकलंस. तुझं काही चुकलं नाही.

पण सोमवारी बाटल्यांत बुरशी शिरली. प्रयोगशाळेतल्या आमच्या बाई म्हणाल्या, "सगळ्या कुकरमध्ये उकळ आणि फेकून दे, नाहीतर बाकीच्या बाटल्यांनाही लागेल." मी एक बाटली लपवून ठेवली होती. आज तीही काळी पडली. बाबांच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

मी बरी आहे, खरंच.

फक्त एक कर. बुंधा अजून उपटला नसशील, तर राहू दे. रोज तांब्याभर पाणी घालत जा.

आणि उपटला असशील, तर मला कळवू नकोस.

तुझीच,
धाकटी