दोर मेव्हण्याच्या हातात

१२ मे
कालच्या वादळानं शहरभर झाडं आडवी. दिवसभर फांद्या तोडल्या, गुडघे बोलायला लागलेत. घरी आलो तर निराळंच. नामदेव, हिचा भाऊ, देवगाव रंगारीहून सुपारी फोडायची बोलणी करायला आलेला. त्याची पोरगी सीमा आन् आपला विजय, लहानपणापासून ठरलेलं. विजयनं पुण्याहून फोनवर सरळ नाय म्हणून टाकलं. नामदेव पाण्याच्या पेल्याला हात न लावता उठला. जाताना मला दाजीसुद्धा म्हणाला नाय. लई लागलं.

१३ मे
हर्सूलला काम. गुलमोहर मुळासकट उपटून शेजारच्या कडुलिंबाच्या बेचक्यात अडकलाय. खाली पत्र्याची खोली, आत बाळंतीण. गल्लीत क्रेन शिरत नाय. असलं झाड बुडातनं तोडलं की कुठं जाईल सांगता येत नाय. लिंबावर चढून वरनं थोडं थोडं कमी करायचं. खालनं दोर धरायला नामदेवला फोन लावला. कट केला त्यानं.

१४ मे
दोर सलीमला दिला. टेम्पोवाला, इतक्या वर्षांचा सोबती, माणूस सोन्यासारखा. अर्ध्यात गेलो आन् पुढच्या फांदीला हात घालवेना. त्याची काय चूक? वडील कन्नडच्या घाटात कड्यावरनं मध काढायचे तेव्हा दोर आमच्या मामाच्या हातात. आमच्यात मेव्हणाच धरतो. तो बहिणीचं कुंकू सुटू देत नाय, म्हणून. आपण कड्यावरनं झाडावर आलो, रीत तीच राहिली.
उतरलो. बाळंतीण दारातनं बघत होती, लाज वाटली. शेजाऱ्यांच्या ओट्यावर झोपा म्हणालो. तान्हं घेऊन किती दिवस झोपणार?

१५ मे
हिनं माझ्यासमोर भावाला फोन केला. गयावया नाय काही. म्हणाली, "दादा, उद्या हे चढणारेत. तू ये, नाहीतर नको येऊ." ठेवला. मग चुलीपाशी तोंड फिरवून रडली. मला न विचारता ठरवलं, मी चिडायला पाहिजे होतं. अंगात तेवढं त्राणच नव्हतं.

१६ मे
पहिल्या एसटीनं आला. थेट झाडाखाली. गाठी ओढून बघितल्या, दोर कमरेमागनं घेतला. माझ्याकडं बघणं नाय. सलीमला म्हणाला, त्यांना म्हणावं चढा. मीही वरनं सलीमलाच, सैल सोडायला सांग. सकाळभर हेच. मूर्खपणा, कळत होतं. सलीम वैतागला, "मेरेको टेलिफोन समझे क्या तुम लोगां?"
दुपारी एक जाड फांदी तोडली तसा गुलमोहर वळायला लागला. मला वरनं दिसलंच नाय. खालनं आवाज आला, "दाजी, पाय उचला!"
उचलले. बुंधा माझ्या पायाखालची फांदी मोडत घसरला आन् अंगणात आदळला. मी दोराला लटकलेलो. खोलीला धक्का नाय. नामदेवनं सावकाश खाली घेतलं. त्याचे तळहात सोललेले. बाळंतिणीनं हळद आणून दिली.
मी म्हणालो, चल घरी, जेवून जा. तो सलीमकडं वळला. म्हणाला, "त्यांना सांगा, माझी एसटी आहे."

१७ मे
अंग ठणकतंय. दिवसभर पडून. संध्याकाळी सामान लावायला घेतलं. करवत आहे, पट्टा आहे, दोर नाय. सलीमला विचारलं, तर नामदेवनंच पिशवीत घातला म्हणे. आजवर काम झालं की दोर आमच्याच खुंटीवर यायचा. ही म्हणते, दुसऱ्या कुणी धरू नये म्हणून नेला. मला वाटतं, मी पुन्हा चढू नये म्हणून. दोघांनाही खात्री नाय.
विजयचा फोन आला होता. मामाचे हात कसे आहेत, विचारत होता. म्हटलं, तूच विचार त्याला.
परवा पैठण रोडला काम आहे, पिंपळाची तुटलेली फांदी रस्त्यावर लोंबतेय. दोर काय, बाजारात मिळतो. आणायला गेलो नाय.