मारेदताईची शपथ

लंडन, मंगळवार

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? चॅपेलचं छप्पर अजून गळतंय का? माझ्या खोलीखालीच बेकरी आहे, त्यामुळे पोटाची चिंता नको. पहाटेपासून असा वास सुटतो की... पण ते जाऊ दे.

मारेदताईचा खासदारकीचा शपथविधी तुम्ही टीव्हीवर पाहिलाच असेल. आईचं बायबल मी तिला वेळेवर दिलं होतं. बसमध्येसुद्धा मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

ती म्हणाली, "गेथिन, मी देव मानत नाही, हे मतं मागतानाच सांगितलंय. आता आईच्या पुस्तकावर हात ठेवून खोटं बोलू?"

"अगं, कितीतरी जण तसंच करतात. दोन ओळी म्हण नि मोकळी हो. बाबांचं मन राहील."

"त्या बाकीच्यांच्या बायबलात त्यांच्या आईचं अक्षर नसेल रे," ती म्हणाली. पहिल्या पानावर आईनं आम्हा दोघांच्या जन्मतारखा लिहिल्यात, त्यावरून तिनं बोट फिरवलं. मग आत जाऊन देवाचं नाव न घेता नुसती प्रतिज्ञा केली. आपल्या वेल्श भाषेतही केली हं, बाबा.

तुम्ही म्हणाला होतात, देवाला नाकारणारीला या घरात ताट नाही. ते तिला पाठ आहे.

पुढच्या रविवारी मी बायबल घेऊन येतोय. तिनंही यावं का, एवढंच विचारायला तिनं सांगितलंय. 'नको' म्हणायचं असेल तर मलाच लिहा. तुमचं पत्र आलंच नाही, असं मी तिला सांगेन.

तुमचा, घरी पाय न टिकणारा,
गेथिन