'आहे'चं भाषांतर

३ मार्च

आले बाई एकदाची पिंडर्स फोर्कला! चर्चच्या जुन्या स्वयंपाकघरात आमचं एफएम केंद्र. भिंतींना अजून कांद्याचा वास. निवेदिका मीच, तंत्रज्ञ मीच, झाडूवालीही मीच. राहायला मिस ओपल फॅरिस यांच्याकडे. वय एक्क्याऐंशी, जिभेला धार. आल्या आल्या बिस्किटं, म्हणजे इथले मऊ पाव, आणि ग्रेव्ही पुढ्यात ठेवून म्हणाल्या, खा पोरी, एवढ्याशा काडीचा आवाज कुणाला ऐकू जाणार!

५ मार्च

रोज बारा वाजता प्रार्थनायादी वाचायची. आजाऱ्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, 'आपल्यात आहेत, प्रार्थना करा.' गाव हातातलं काम टाकून ऐकतं. आज नदीपलीकडून तक्रार आली, की आमच्या फ्रिक्वेन्सीवर दुसरंच कुणीतरी घुसतंय. तिथल्या टेकडीवर दुसऱ्या एका चर्चचा ट्रान्सलेटर आहे, प्रक्षेपणाची एक पेटी. नाव मोठं, भाषांतर कशाचंच नाही. लांबच्या केंद्राचं ऐकायचं आणि तेच पुढे बोलायचं, नुसता चोंबडेपणा. पाद्री ब्रदर कॉय म्हणाले, तीही देवाचीच माणसं, सांभाळून घे. मी का घेऊ?

९ मार्च

आज यादी आधीच रेकॉर्ड करून लावली आणि गाडी काढून नदीवर गेले. एफएममध्ये ज्याचा जोर जास्त तोच ऐकू येतो, दुसरा पार बुडतो. पुलावर गाडीतल्या रेडिओत आमचं केंद्र बुडलं, आणि वर आला तो माझाच आवाज. माझीच यादी. मी 'लेमन ट्रेस्क आपल्यात आहेत' असं वाचलं होतं. तिथे ऐकू आलं, 'आपल्यात होते.'

संध्याकाळी लेमन गेले. नुसता गुडघा दुखत होता त्यांचा.

११ मार्च

त्या चर्चला फोन लावला. म्हणे ट्रान्सलेटर वर्षापूर्वीच बंद केला. टेकडी चढून पाहिलं. खरंच, वायर तोडलेली, पेटीत चिमणीचं घरटं. पेटीला हात लावला तर गरम.

यादीतले आणखी दोघे गेले. म्हणजे भाषांतर करतो तर! एकाच शब्दाचं.

१२ मार्च

मिस ओपल पडल्या. खुबा मोडला. नदीपलीकडच्या इस्पितळात आहेत. उशाशी रेडिओ. मला बजावलं, उद्या माझं नाव नीट घे, पुटपुटू नकोस.

१३ मार्च

नाव घेतलं नाही. बारा वाजता केंद्रच बंद ठेवलं. ब्रदर कॉय चिडले, चिडोत. तर टेबलावरच्या रेडिओत माझ्या आवाजात यादी सुरू! मी न वाचलेली. 'मिस ओपल फॅरिस आपल्यात—' झटकन केंद्र चालू केलं, जोर पुरा वाढवला, तोंडाला येईल ते बडबडत सुटले. बुडवला त्याला.

आजच्यापुरता.

१४ मार्च

नाव हवंय ना मेल्याला? ओपलबाईंचं मिळणार नाही. आज यादीत एकच नाव. माझं. डार्ला हॉस्केट आपल्यात आहे. हेच वाचत राहणार, श्वासापुरतं थांबून. एका हाताने लिहितेय.

१२.०४ — तोही वाचतोय. इथे, याच खोलीत. जोर वाढतोय त्याचा —

१२.१० — ओपलबाईंचा फोन. म्हणाल्या, हे काय गं, स्वतःचंच नाव? पण ऐकू येतंय हो, नीट! हसल्या. त्या हसल्या! तू हरलास —

१२.१५ — बोटं गार. माझा आवाज मलाच — थांबणार नाही. ओरडेन —

आपल्यात आहे. मी आपल्यात आहे. मी आपल्यात हो—