तुरटीचा खडा

प्रिय आरती,

सत्यमचा फोटो पोचला. तुझी आई आख्ख्या गल्लीला दाखवत फिरून राहिली. केस काय भरगच्च आहेत गं पोराचे! परवा तू फोनवर म्हणालीस, "आबा, जावळ तुमच्याच वस्तऱ्यानं काढायचं, मशीन नको." मी हाव म्हणालो आणि घाईनं फोन ठेवला. रागावू नकोस.

तुझे शेषेराव गुरुजी आठवतात ना? मागच्या सोमवारी दुकानात दाढीला आले होते. हनुवटीखाली वस्तरा लागला. चाळीस वर्षांत कुणाला लागला नाही असं नाही. ओला तुरटीचा खडा दाबला की शिरा आकसतात, रक्त थांबतं, एवढीच माझी डॉक्टरकी. या वेळी खडा लाल झाला. धुतला, दाबला, परत लाल. गुरुजींना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. टॉवेल भिजला तशी माझी बोबडी वळली. उलट गुरुजीच मला धीर देत होते, "लई न्हाई लागलं रे, रामकिशन."

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शिरा आकसवायच्या औषधात भिजवलेला कापूस लावला आणि मला दाबून धरायला सांगितलं. कापूस माझ्या बोटांत हलत होता. डॉक्टरांनी तो काढून घेतला, स्वतः धरला, आणि रक्त थांबल्यावरही माझ्या हाताकडंच बघत राहिले. नांदेडला मोठ्या डॉक्टरला दाखवून या म्हणाले. गुरुजी आता बरे आहेत. मी मात्र नांदेडला गेलो नाही. काय निघेल याची फार भीती वाटते, पोरी. तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

सुदर्शनला वस्तरा शिकवताना मी फुगवलेल्या फुग्याला फेस लावून द्यायचो, आणि तुम्ही दोघं फुटायची वाट बघायचात. काल दुपारी शटर ओढून मी तीन फुग्यांना फेस लावला आणि वस्तरा फिरवला. तिन्ही फुटले. सत्यमची टाळू अजून भरलेली नाही. म्हणून हे लिहितोय. वस्तरा तुझ्या भावाच्या, सुदर्शनच्याच हातात दे. जावळाला बाळ मामाच्या मांडीवर बसवतात, मला ठाऊक आहे. पण या वेळी माझ्या मांडीवर दे. मांडी अजून थरथरत नाही.

तुझाच,
आबा